मॉन्ट्रियल, टोरांटो की मिनियापोलिस: दारातला बर्फ कोण काढणार?

नोकरी किंवा शिक्षणासाठी उत्तर अमेरिकेत जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास असतो, तिथे बर्फ किती पडतो? आकडे सहज मिळतात. मॉन्ट्रियलला वर्षाला साधारण 2 मीटर, मिनियापोलिसला 1.3 मीटरच्या आसपास, टोरांटोला त्याहून थोडा कमी. घर निवडताना मात्र दुसराच हिशोब मांडावा लागतो. पडलेल्या बर्फातला महापालिका किती काढते, तुमच्या फावड्याच्या वाट्याला किती येतो आणि रस्त्यावरची गाडी कधी, कुठे हलवावी लागते? या तिन्ही शहरांची उत्तरं इतकी वेगळी आहेत की जास्त बर्फाच्या शहरात कमी कष्ट पडू शकतात.

थोडक्यात, मॉन्ट्रियल बर्फ उचलून नेतं, टोरांटो तो कडेला सारून ठेवतं आणि मिनियापोलिस गाड्या हलवायला लावून रस्ता कडेपर्यंत खरवडतं.

रस्ता आणि गाडी

मॉन्ट्रियलमध्ये बर्फ धरायला लागला की मीठ किंवा खडी टाकणारे ट्रक निघतात. 2.5 सेंमी जमला की प्लाउ, म्हणजे पुढच्या पात्याने बर्फ कडेला सारणाऱ्या गाड्या, फिरतात. 10 ते 15 सेंमी झाला की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे बर्फ भरून नेण्याचं. आधी रस्त्यावर नारिंगी पाट्या लागतात. त्यावर वेळ असते, दिवसाची सकाळी 7 ते संध्याकाळी 7, किंवा रात्रीची संध्याकाळी 7 ते सकाळी 7. ठरलेल्या वेळी टो ट्रक भोंगा वाजवत गल्लीतून जातो. उरलेल्या गाडीवाल्यांना ती शेवटची हाक. मग फुटपाथवरचं छोटं यंत्र तिथला बर्फ रस्त्यात ढकलतं, ग्रेडर त्याची लांबलचक रास करतो, आणि मागून येणारा मोठा स्नोब्लोअर ती रास गिळून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतो. एक ट्रक भरला की तो पुढे, त्याच्या जागी दुसरा. गल्ली थोड्या वेळात डांबरापर्यंत मोकळी होते. हा बर्फ ठरलेल्या डेपोंमध्ये जातो किंवा सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्यांत सोडला जातो. सँ-मिशेल भागातल्या फ्रँकॉन खाणीत जमणारा त्याचा काळपट डोंगर भर उन्हाळ्यातही शिल्लक असतो.

दणकून बर्फ झाला तर सगळ्या शहरातला उचलायला चार-पाच दिवस लागतात, कारण जवळपास 10,000 किलोमीटर रस्ते आणि फुटपाथ साफ करायचे असतात. मुख्य रस्ते आधी, आतल्या गल्ल्या शेवटी. म्हणून तुमची गल्ली कोणत्या प्राधान्याची आहे हे घर घेण्याआधी विचारावं. गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्याने शहराचं इन्फो-नेज ॲप पहिल्याच आठवड्यात फोनवर घ्यावं. आपल्या रस्त्याचं काम कधी ठरलंय, सुरू आहे की संपलं, हे त्यात दिसतं. गाडी उचलली गेलीच, तर बऱ्याचदा ती जवळच्या, आधीच साफ झालेल्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. ती शोधायची सोयही आहे, पण दंड आणि टोचे पैसे पडतातच.

टोरांटोची पद्धत खर्चाने हलकी आहे आणि साध्या हिवाळ्यात पुरते. महामार्ग आणि मोठ्या रस्त्यांवर बर्फ धरायला लागताच मीठ पडतं. महामार्गांवर 2.5 सेंमीच्या पुढे प्लाउ निघतात, मुख्य रस्त्यांवर 5 सेंमीला आणि वस्तीतल्या रस्त्यांवर 8 सेंमीला. सात सेंमी पडून थांबला तर तुमच्या गल्लीत प्लाउ येणार नाही, ही शहराची चूक नव्हे, तसा नियमच आहे. आला तरी हिमवृष्टी थांबल्यावर साधारण 14 ते 16 तास धरून चालावं.

अडचण होते ती बर्फ लागोपाठ पडला की. उचलून नेणं हे टोरांटोत नेहमीचं काम नाही, ढीग फारच वाढले तरच ते हाती घेतात. 1999 च्या जानेवारीत दोनएक आठवड्यांत एक मीटरहून जास्त बर्फ पडला आणि महापौर मेल लास्टमन यांना सैन्य बोलवावं लागलं. 2025 च्या फेब्रुवारीत काही दिवसांच्या अंतराने अर्धा मीटरहून जास्त पडला, तेव्हा कडेचे ढीग हलवायला काही आठवडे गेले. तोवर दोन गाड्यांच्या रस्त्यावर एकच गाडी जेमतेम जात होती. स्ट्रीटकारच्या (ट्रामच्या) मार्गांवर किंवा मध्य शहरात गाडी लावत असाल तर 'स्नो रूट'च्या पाट्या बघून ठेवा. शहराने मोठ्या हिमवृष्टीची घोषणा केली की त्या रस्त्यांवर 72 तास गाडी लावता येत नाही.

मिनियापोलिसचा सगळा भर शिस्तीवर आहे. पुरेसा बर्फ पडला की शहर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करतं. त्या संध्याकाळी 6 वाजेपर्यंत निर्णय कळतो आणि पुढचे तीन टप्पे ठरलेले असतात.

पहिला टप्पा रात्री 9 ते सकाळी 8. स्नो इमर्जन्सी रूट म्हणून पाटी लावलेल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या हव्यात. दुसरा टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ते रात्री 8. बाकीच्या रस्त्यांवर सम घरक्रमांकांच्या बाजूला गाडी लावायची नाही, पार्कवेवर, म्हणजे बागांलगतच्या रस्त्यांवर, कुठल्याच बाजूला नाही. तिसरा टप्पा त्याच्या पुढच्या दिवशी, तीच वेळ, आता विषम बाजू. ठरलेली वेळ संपण्याआधीच तुमची बाजू कडेपर्यंत साफ झाली, तर तिथे गाडी परत लावता येते. नव्या माणसाची चूक बहुतेक वेळा पहिल्या रात्री होते. बर्फ दुपारीच थांबलेला असतो, आकाश निरभ्र असतं, आता कसली इमर्जन्सी असं वाटतं आणि गाडी टो होते. सेंट पॉल हे अगदी शेजारचं शहर, पण तिथल्या वेळा आणि रस्त्यांची विभागणी वेगळी आहे. नदीच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला मित्राकडे मुक्काम असेल तर दोन्हीकडचे नियम पाठ हवेत. हिवाळा फारच लांबला आणि रस्ते अरुंद झाले, तर मिनियापोलिसमध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर सम बाजूचं पार्किंग 1 एप्रिलपर्यंत बंद होऊ शकतं.

(शिकागोचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेवा: तिथे काही मोठ्या रस्त्यांवर 1 डिसेंबर ते 1 एप्रिल पहाटे 3 ते 7 पार्किंग बंद असतं, बर्फाचा एक कण पडलेला नसला तरी.)

फुटपाथ: आई-बाबा येणार असतील तर हे आधी वाचा

मॉन्ट्रियलमध्ये फुटपाथ शहर साफ करतं. टोरांटोतही आता जवळजवळ सगळीकडे शहरच करतं. मिनियापोलिसमध्ये ते घरमालकाचं काम आहे. स्वतंत्र घर किंवा जुळं घर असेल तर बर्फ थांबल्यापासून 24 तासांत, अपार्टमेंट आणि दुकानांना दिवसाच्या 4 तासांत. कोपऱ्यावरचं घर दिसायला छान, उजेडही भरपूर, पण दोन बाजूंचा फुटपाथ तुमचा आणि चौकातला रस्ता ओलांडायचा उतारही तुमचा. प्लाउ तिथेच दगडासारखा बर्फ रचून जातो. घरात फावडं चालवणारं एकच माणूस असेल तर मिनियापोलिसमध्ये कोपऱ्यावरचं घर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चालायला सर्वांत धोक्याचं शहर मात्र टोरांटो ठरू शकतं. जानेवारीचं सरासरी तापमान तिथे उणे 4 अंशांच्या आसपास असतं. दिवसा ढिगातलं पाणी फुटपाथवर झिरपतं आणि रात्री त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो. हाच ब्लॅक आइस. खालचं काँक्रीट स्वच्छ दिसतं, म्हणून पाय बिनधास्त पडतो. मॉन्ट्रियल आणि मिनियापोलिसमध्ये जानेवारीची सरासरी उणे 9-10 च्या घरात जाते, बर्फ कोरडा राहतो आणि चालताना पायाखाली करकरतो. पुण्याहून हिवाळ्यात आलेल्या ज्येष्ठांसाठी नुसते उबदार बूट पुरत नाहीत, बुटांवर चढवायची खिळ्यांची रबरी पट्टी पहिल्याच दिवशी घ्या. दुकानात शिरताना मात्र ती काढायची, गुळगुळीत फरशीवर ती उलट घसरते.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी पडणारा बांध

प्लाउ रस्त्यावरून जातो तेव्हा पात्यावरून सरकणारा बर्फ कडेला ओळीने पडतो. तुमच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत गाडी नेण्याच्या वाटेच्या, तोंडाशी तो शेताच्या बांधासारखा आडवा होतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो, प्लाउने दाबलेला त्याच्या तिप्पट-चौपट. 5 मीटर रुंद तोंड, 60 सेंमी जाडीचा आणि मध्ये 40 सेंमी उंच बांध धरला, तर सुमारे 300 किलो. सकाळी ऑफिसला निघायच्या वेळी हे वजन उचलायचं असतं.

टोरांटो वस्तीतल्या बऱ्याच भागात, 8 सेंमी किंवा जास्त बर्फ असेल तेव्हा, यंत्राने हा बांध फोडून देतं, साधारण 3 मीटर रुंद वाट. जुन्या, अरुंद आणि गाड्या लावलेल्या गल्ल्यांत यंत्र फिरत नाही, त्यामुळे पत्त्यावरून चौकशी करूनच घर ठरवा. मिनियापोलिसमध्ये बांध तुमचाच. मात्र तिथल्या कित्येक घरांची गॅरेज मागच्या अरुंद गल्लीत उघडतात आणि त्या गल्ल्याही शहर साफ करतं, हा मोठा आधार आहे. मॉन्ट्रियलमध्ये गल्लीतला बर्फ उचलून नेला की बांधाचा प्रश्न बराचसा संपतो, तोवरचे दिवस काढावे लागतात.

बांध हलका करायची एक युक्ती तिन्ही शहरांत चालते. दारात रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. जवळच्या लेनमधला प्लाउ डावीकडून उजवीकडे जाणार. म्हणून काढलेला बर्फ ड्राइव्हवेच्या उजव्या अंगाला टाका, आणि तोंडाच्या डावीकडे रस्त्याच्या कडेला दोन-तीन मीटरचा खिसा मोकळा करून ठेवा. पात्यावरचा बर्फ त्या खिशात रिकामा होतो आणि तुमच्या तोंडाशी कमी पडतो. उलट, काढलेला बर्फ डावीकडे टाकला तर पुढचा प्लाउ तोच तुमच्या दारात आणून घालतो. बर्फ रस्त्यात ढकलून मोकळं व्हायचा मोह टाळा, टोरांटो आणि मिनियापोलिस दोन्हीकडे ते बेकायदेशीर आहे.

मीठ, खडी, वाळू: काय घ्यावं

साधं जाडं मीठ सर्वांत स्वस्त, पण त्याची ताकद तापमानावर ठरते, आणि तापमान हवेचं नव्हे, जमिनीचं. उणे 1 अंशाला 1 किलो मीठ 46 किलो बर्फ वितळवू शकतं. उणे 7 ला 8.6 किलो. उणे 12 ला जेमतेम 5. उणे 18 ला 4 सुद्धा नाही, आणि तेही तासन्‌तास घेऊन. म्हणजे टोरांटोच्या बहुतेक दिवसांत साधं मीठ चालतं, मिनियापोलिसच्या जानेवारीत ते पांढरे खडे होऊन तसंच पडून राहतं. कडक थंडीत मॉन्ट्रियलमध्येही मिठाऐवजी बारीक खडी दिसते, ती याच कारणाने. खडी बर्फ वितळवत नाही, फक्त पायाला पकड देते.

कडक थंडीसाठी कॅल्शियम क्लोराइड, ते उणे 25 च्या खालीही काम करतं. महाग आहे, हाताला झोंबतं आणि ओल शोषून घेतं, त्यामुळे पिशवी घट्ट बंद ठेवावी लागते. मॅग्नेशियम क्लोराइड या दोघांच्या मधलं, उणे 15 च्या आसपासपर्यंत. पिशवीवर मोठ्या अक्षरात उणे 25 छापलेलं असेल तर मागचे घटक वाचा, कित्येकदा आत बहुतांश साधं मीठच असतं. मिनियापोलिसमध्ये रहिवाशांना वाळू फुकट मिळते, बादली घेऊन जायचं. ती घेऊन ठेवाच.

प्रमाणात जवळजवळ सगळे चुकतात. कॉफीचा एक मोठा मग, म्हणजे अर्धा किलोच्या आत मीठ, 6 मीटरच्या ड्राइव्हवेला किंवा फुटपाथच्या दहा चौकोनांना पुरतं. खड्यांमध्ये चार बोटांचं अंतर दिसलं पाहिजे. आधी फावड्याने खरवडायचं, मग मीठ. वर थरच्या थर ओतलं तर ते वरच्या वर पाणी करतं, खालचा बर्फ तसाच राहतो आणि रात्री सगळं पुन्हा गोठतं. बर्फ वितळल्यावर उरलेले खडे झाडून परत डब्यात भरा. मीठ कुठे नाहीसं होत नाही, एक चमचा मीठ सुमारे 19 लिटर गोडं पाणी कायमचं बिघडवतं आणि मिनियापोलिसची तळी हे वर्षानुवर्षं सोसत आहेत. नव्याने ओतलेल्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको, पृष्ठभागाचे पोपडे निघतात. गरम पाणी तर कधीच नको, काही मिनिटांत त्याचाच नवा बर्फ होतो.

मग कोणी कुठे राहावं

गाडी नसेल, मेट्रोजवळ फ्लॅट घ्यायचा असेल आणि घरात वयस्कर माणसं असतील, तर सर्वांत जास्त बर्फाचं मॉन्ट्रियलच सोयीचं. गाडी असेल आणि ती रस्त्यावरच ठेवायची असेल, तर तिथे हिवाळाभर ॲपवर डोळा ठेवावा लागेल. शिवाय मॉन्ट्रियलच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, तो खर्च धरा. टोरांटोच्या ओंटारियो प्रांतात सक्ती नाही, पण 2016 पासून विमा कंपन्यांना अशा टायरसाठी सवलत द्यावी लागते, मागून घ्या.

स्वतंत्र घर, दोन गाड्या आणि फावडं मारायची तयारी असेल तर मिनियापोलिस चांगलं, गॅरेज मागच्या गल्लीत असेल तर उत्तमच. टोरांटो मधलं: रोजचं काम कमी, पण वाईट आठवडा आला की शहर दमतं, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःचं बंदिस्त पार्किंग आहे तो सुटतो.

घरं बहुधा उन्हाळ्यात बघितली जातात, तेव्हा बर्फाचं चित्र डोळ्यांसमोर नसतं. तरी चार गोष्टी बघता येतात. ड्राइव्हवेच्या उजव्या अंगाला बर्फ टाकायला जागा आहे का, की लगेच शेजाऱ्याची भिंत आहे? तोंड उत्तरेकडे असेल तर तिथला बर्फ मार्चपर्यंत हलत नाही. छताचं पाणी पन्हाळीतून पायवाटेवर पडत असेल तर रोज रात्री तिथे ब्लॅक आइस होणार. आणि भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) पांढरे नळ जमिनीपासून किती उंचावर आहेत ते बघा. गुडघ्याच्या खाली असतील तर प्रत्येक मोठ्या हिमवृष्टीनंतर ड्राइव्हवेच्या आधी ते मोकळे करावे लागतील, कारण नळ बुजला तर फर्नेस बंद पडतं, किंवा घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो.