पावतीवर होतं 'इंग्रजी संभाषण वर्ग'

नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो, अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्सला बरीच वर्षं काढली. कॅनडाला माणसं हवीत असं ऐकून कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात गेलो. काचेची केबिन, भिंतीवर पासपोर्ट धरलेल्या पोरांचे फोटो. आतले साहेब म्हणाले, "दादा, तुमच्या हातात कला आहे, उतरलं की दुसऱ्या दिवशी कामाला."

ऑफर लेटर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचं, पद 'कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन'. मग पैशांचा तगादा सुरू. आधी फाइलचे, मग एलएमआयएचे. तिकडच्या मालकाला परदेशी माणूस घ्यायचा तर सरकारकडून हे पत्र आणावं लागतं. त्याची फी दर जागेमागे 1,000 कॅनेडियन डॉलर आणि ती मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही असा तिथला नियम. माझ्याकडून त्याच नावाखाली लाखांत रोकड घेतली. बायकोचे दागिने गहाण गेले.

ते पद ओंटारिओत सक्तीच्या ट्रेडमध्ये येतं. तिथलं प्रमाणपत्र किंवा शिकाऊ म्हणून नोंदणी नसेल तर कामाला हात लावता येत नाही. आपल्या आयटीआयच्या कागदावर थेट काम नाही, आधी अनुभवाची छाननी, मग परीक्षा. साहेबांनी याचा उच्चारही केला नव्हता. तिकडे राहणाऱ्या एका नातेवाइकाने लेटरवरच्या कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर त्यांच्याकडे असली जागाच नव्हती.

पैसे मागायला गेलो तर पावत्या पुढे सरकवल्या. प्रत्येकीवर 'इंग्रजी संभाषण वर्ग' आणि खाली माझीच सही. नोकरीचा शब्द कुठेच नाही! "आम्ही शिकवलं, तुम्ही शिकलात." माझ्यासोबतच्या एका नर्सताईंकडेही त्याच पावत्या.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतं. परवानाधारकालाही सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. याच्या ऑफिसचं नाव त्या यादीत नाही, म्हणून तर पावतीवर क्लास.

पोलिसांकडे अर्ज दिलाय. पावत्यांपेक्षा त्याचे व्हॉइस मेसेजच तिथे कामाला आले. 'एलएमआयएचे उद्या आणा' हे त्याच्याच आवाजात आहे. तुमच्याकडेही असे मेसेज असतील तर फोन बदलताना उडवू नका. पैसे अजून आलेले नाहीत. बोर्डावर आता कॅनडाच्या जागी जर्मनी आहे.