शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत: क्वालालंपूर की बँकॉक?

महिन्याभरात तीन जणांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. प्रश्न असा की मित्राबरोबर अचानक ठरलंय, शुक्रवारी रात्रीचं मुंबईहून विमान, सोमवारी पहाटे परत आणि त्याच दिवशी ऑफिस, शहर दोघांनीही आधी पाहिलेलं नाही, तर कुठे जावं. मी आणि माझा एक मित्र दोन्हीकडे असेच गेलोय, आधी केएल म्हणजे क्वालालंपूर, मग सातेक महिन्यांनी बँकॉक. दोन्ही वेळा बुधवारी रात्री फोनवर ठरलं आणि गुरुवारी तिकीट काढलं. तो चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत, मी ठाण्यात, हॉस्टेलपासूनची मैत्री, आता वर्षातून दोनदा भेट झाली तरी पुष्कळ. आणखी एक म्हणजे तो माळकरी आहे, घरात वारी आहे, त्यामुळे खाण्याचा प्रश्न आमच्यासाठी साधा नव्हता, त्याबद्दल खाली लिहितोच.

व्हिसा, टॉवर, मॉल, मसाज हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीकडे व्हिसाशिवाय जाता आलं, फक्त जायच्या आधीच्या तीन दिवसांत तो ऑनलाइन अरायव्हल फॉर्म भरायचा होता, पण हे नियम बदलत राहतात तेव्हा तिकीट काढायच्या आधी एकदा बघाच. अचानक निघणाऱ्यांची गडबड इथेच होते, आमचा केएलचा फॉर्म आम्ही विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभं राहून भरला.

वेळेचं गणित बँकॉकच्या बाजूने थोडं बरं आहे. मुंबईहून साडेचार तासांच्या आत-बाहेर पोचतो आणि घड्याळ दीडच तास पुढे करायचं असतं, केएलला पाच तास आणि घड्याळ अडीच तास पुढे. दोनच दिवस हातात असताना तो एक तास मला तरी जाणवला, शनिवारी सकाळी केएलला उतरलो तेव्हा शरीराला पहाटेचे चार वाटत होते. विमानतळावरून शहरात यायला केएलची ट्रेन जास्त झकास आहे, ५५ रिंगिट घेते पण ५७ किलोमीटर २८ मिनिटांत आणून सोडते, दुसऱ्या टर्मिनलवरून निघालात तर पाचेक मिनिटं जास्त. बँकॉकला सुवर्णभूमीवरून रेल लिंकने शहरातल्या फाया थाय स्टेशनपर्यंत ४५ बाट आणि साधारण अर्धा तास, गर्दी असते, बॅग मांडीवर घेऊन बसावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा रिंगिट वीसेक रुपयांना आणि बाट अडीच-पावणेतीन रुपयांना होता, त्यावरून फरक किती ते कळेल.

आता केएलचं चांगलं आधी सांगतो कारण ते शहर मला आवडलं होतं आणि पुढे जे लिहिणार आहे त्यावरून गैरसमज नको. भाषेची अडचण जवळपास नाही, पाट्या रोमन लिपीत, बहुतेक लोक इंग्रजी बोलतात, ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत तर तमिळ दुकानं, हारवाले, केळीच्या पानावरचं जेवण, मित्राने पहिल्या दिवशी सकाळी इडली-सांबार बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बातू केव्हज या गुहेतल्या देवळाला केएल सेंट्रल स्टेशनवरून थेट लोकल जाते, २७२ पायऱ्या, पायथ्याशी मुरुगनची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती, आम्ही सकाळी लवकर गेलो म्हणून ऊन नव्हतं, वर गुहेत छतातल्या भोकातून उजेड खाली येतो तिथे आम्ही बराच वेळ नुसते बसलो. मस्जिद जामेकपाशी क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या मिळतात आणि क्वालालंपूर या नावाचा अर्थच मुळी गढूळ संगम असा होतो, हे कळल्यावर मित्र म्हणाला अरे मग संगमावर जाऊया की, गेलो, काठ छान बांधून काढलाय, १९०९ सालची मशीद समोर, संध्याकाळी बसायला उत्तम जागा.

पण दुपारची गोष्ट सांगतो, कारण माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

ब्रिकफील्ड्समध्ये जेवलो आणि मॅपवर बघितलं तर थिअन होऊ हे टेकडीवरचं मोठं चिनी देऊळ अगदी जवळ दिसत होतं. म्हटलं गाडी कशाला, जेवण जिरेल, बोलत बोलत जाऊ. पहिली दहा मिनिटं बरी गेली, मग फुटपाथ अरुंद होत गेला, मग एका फ्लायओव्हरच्या खाली तो चक्क संपला, पुढे लोखंडी कठडा आणि पलीकडे सय्यद पुत्रा रोडची सुसाट वाहतूक, देवळाच्या बाजूची टेकडी समोर दिसतेय आणि जायला वाट नाही. मागे आलो, दुसरीकडून बघितलं, तिथेही तेच. ऊन चढलेलं, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, शेवटी मागे येऊन कॅब मागवली. भाडं अगदी किरकोळ होतं, तो प्रश्नच नाही, केएलमध्ये कॅब स्वस्त आणि भरवशाची आहे. प्रश्न असा की त्यानंतर दोन दिवस आम्ही प्रत्येक ठिकाणी तसेच गेलो. लेक गार्डन्सची टेकडी, म्युझियम, चायनाटाउन, मॅपवर सगळं एकमेकांना चिकटून आहे पण मधे हायवे, रेल्वेचे रूळ, भिंती. मग दर वेळी फोन काढा, पिन टाका, गेटवर उभे राहा, नंबर प्लेट शोधा, दहा मिनिटं गाडीत बसा, उतरा, बघा, परत फोन काढा.

ज्याला अमुक सहा ठिकाणं बघायचीत त्याला हे अजिबात खटकणार नाही. पण आम्ही काही बघायला गेलो नव्हतो खरं तर, आम्ही एकत्र भटकायला गेलो होतो, आणि आमच्या गप्पा सारख्या तुटत होत्या. काही बोलायला सुरुवात केली की गाडी यायची, ड्रायव्हरसमोर घरचं काय बोलणार. न ठरवता निघालेल्या माणसाला पायाखाली सलग रस्ता लागतो असं माझं स्पष्ट मत त्या दुपारी झालं आणि ते अजून बदललेलं नाही. हो, ट्विन टॉवरजवळच्या केएलसीसीपासून बुकित बिंतांगपर्यंत वरून बंदिस्त एसी वाट काढलीय, पावसात वरदान आहे, तिच्यावरून आम्ही रात्री दोनदा चालत गेलो, आणि चायनाटाउनच्या आतल्या गल्ल्याही चालण्याजोग्या आहेत. पण ही बेटं झाली, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला गाडीच.

बँकॉकचे फुटपाथ फार सुंदर आहेत असं मी म्हणणार नाही. तुटलेले आहेत, डोक्यावर वायरींचे गुंते, मधेच मोटरसायकल अंगावर येते. पण ते संपत नाहीत! फुटपाथ संपला तर गल्ली असते, गल्ली संपली तर कालव्याकाठची वाट, तीही संपली तर बोटीचा धक्का. नदीवरच्या साथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडा, १६ बाटमध्ये कुठेही उतरा, वारा अंगावर घेत अर्धा तास नुसतं बोलता येतं. था तिएन धक्क्यावरून पलीकडच्या 'वाट अरुण' देवळाकडे नेणारी तर ५ बाटची. सेन सेप कालव्यातली बोट धक्क्याला लागते न लागते तोच उडी मारून चढायचं, पाणी उडू नये म्हणून कडेच्या प्रवाशांनीच दोरी ओढून ताडपत्री वर करायची, मित्राच्या हातात दोरी आली आणि त्याने ती शेवटपर्यंत सोडली नाही. नदीवरची बोट मात्र संध्याकाळी लवकर बंद होते, तेवढं लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी आम्ही हुआ लाम्फोंगला मेट्रोतून उतरलो आणि काहीही न ठरवता नदीच्या दिशेने चालायला लागलो. तलाट नोई नावाची जुनी चिनी वस्ती लागली, अरुंद बोळ, आणि बोळात दुकानांबाहेर जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एक्सल यांचे काळे तेलकट ढीग छातीपर्यंत रचलेले. माझ्यासाठी तो भंगारबाजार, कुर्ल्याला असतो तसा. मित्र तिथे थांबला तो पाऊण तास. हे कुठल्या गाडीचं, हे कसं घासलं गेलंय, हा पार्ट आपल्याकडे कसा बनतो, दुकानातल्या म्हाताऱ्या आजोबांना थाई सोडून काही येत नव्हतं आणि ह्याला थाई येत नव्हतं, दोघं हातवारे करून एका गिअरच्या दात्यांवर बोलत होते. बारा वर्षं तो काय काम करतो हे मला त्या बोळात पहिल्यांदा नीट समजलं. तिथून सोंग वाट रोड, मग याओवारात हे तिथलं चायनाटाउन, सगळं चालत, आणि सोंग वाटला नदीच्या बाजूला सावलीत बसून तो मला म्हणाला की नोकरी सोडून स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकायचा विचार चाललाय, घरी अजून सांगितलं नाहीये. दोन तास आम्ही तिथे बसलो होतो.

असं केएलमध्ये झालं नसतंच का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही, कदाचित झालंही असतं. पण मला तरी तशी जागाच सापडली नाही.

खाण्याचं बोलू. इथे सगळे म्हणतात की शाकाहारी माणसाने केएल घ्यावं, आणि वरवर ते बरोबर आहे, ब्रिकफील्ड्स आहे तोवर चिंता नाही. पण मलय जेवणात शिरलात तर नासी लमाक या भाताबरोबरच्या सांबाल चटणीत सुके मासे असतात, साध्या पालेभाजीत बलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, म्हणजे मित्र दोन दिवस फक्त दक्षिण भारतीय जेवला. बँकॉकमध्ये तर फिश सॉस जवळपास सगळ्यात असतं, भाजीतसुद्धा, आणि नुसतं व्हेज म्हणून चालत नाही. तिथे 'जे' नावाचा शाकाहाराचा प्रकार आहे, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखं दिसतं. 'जे' म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! माळकऱ्याला आणखी काय पाहिजे. आम्हाला हे शनिवारी दुपारी कळलं, तोवर तो फळांवर होता, आणि नंतर पिवळी पाटी दिसली की आमची पावलं तिकडे वळायची. त्याच्या नियमाशी केएलच्या व्हेजपेक्षा थाई 'जे' जास्त जुळलं असं त्याचंच म्हणणं आहे. पण खरं सांगायचं तर अशी दुकानं शोधावी लागतात, भूक लागल्यावर समोर मिळेलच असं नाही, आईवडील बरोबर असतील तर मी ही जोखीम घेणार नाही.

बँकॉकचे त्रास लपवत नाही. रात्री मार्केटबाहेर तीन टॅक्सीवाल्यांनी मीटर टाकायला नकार दिला, चौथा तयार झाला, पुण्यातली सवय असल्यामुळे मित्र शांत होता, माझी चिडचिड झाली. बीटीएस आणि एमआरटी या दोन मेट्रोंची तिकिटं वेगळी, एमआरटीच्या गेटवर आमचं फॉरेक्स कार्ड नुसतं टेकवून चाललं, बीटीएसला रांगेत उभं राहून तिकीट काढावं लागलं. ग्रँड पॅलेसला ५०० बाट आणि अंगभर कपडे लागतात, हाफ पँटवर आत सोडत नाहीत, आणि रस्त्यात कोणी आज पॅलेस बंद आहे म्हणून टुकटुकमध्ये बसवायला लागला तर ऐकू नका, स्वतः गेटवर जाऊन बघा. आम्ही पॅलेस सोडून 'वाट फो' या देवळात गेलो, ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि त्याच्या मागच्या बाजूला १०८ भांडी ओळीने मांडलेली, २० बाटची नाणी घेऊन एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. जपमाळेचे मणी १०८, मित्राने प्रत्येक नाण्याला रामकृष्णहरी म्हटलं. नाण्यांचा तो टण टण आवाज पूर्ण दालनात चाललेला असतो.

तर माझा कल कळलाच असेल. तरीही तुमच्याबरोबर लहान मुलं असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील, किंवा अनोळखी लिपी बघून धास्ती वाटत असेल तर केएल घ्या, मनापासून सांगतो, सोपं शहर आहे, माणसं मदतीला तत्पर आहेत. एप्रिलमध्ये जाणार असाल तरी बँकॉकचा जरा विचार करा, त्या उन्हात माझं हे चालण्याचं कौतुक टिकणार नाही. पण दोघंच असाल, पाय शाबूत असतील आणि बरेच दिवस बोलायचं राहून गेलं असेल तर माझ्या मते बँकॉक.

हॉटेल घेताना नदीजवळ किंवा हुआ लाम्फोंगच्या आसपास बघा, सुखुमवितला स्वस्त मिळालं तरी. चाटुचाकचा बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो, पंधरा हजारांच्या वर गाळे आहेत, सकाळी लवकर जा आणि अकराच्या आत बाहेर पडा. आणि माई साय नाम प्ला, म्हणजे फिश सॉस घालू नका, हे थाई लिपीत फोनमध्ये मोठ्या अक्षरात सेव्ह करून ठेवा, तोंडी सांगितलेलं कधी समजतं कधी नाही, दाखवलेलं मात्र आम्हाला दर वेळी समजलं.