बायोप्सी फोर्सेप्स आणि इंजेक्शन नीडल : आठ महिने वापरल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात मी एंडोस्कोपीची सिस्टर आहे. आमच्याकडे गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे तोंडातून पोटात सोडायची दुर्बीण, एकच. तो बंद पडला की पेशंटला नागपूर नाहीतर वर्ध्याजवळची सावंगी गाठावी लागते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून सहजासहजी कोणी जात नाही. म्हणून त्या स्कोपमधून आत जाणाऱ्या प्रत्येक तारेवर माझी नजर असते.

आठ महिन्यांपूर्वी दोन वस्तू नव्या घेतल्या. पुन्हा वापरता येणारा बायोप्सी फोर्सेप्स, म्हणजे तपासणीसाठी आतला तुकडा तोडून आणणारा तारेचा चिमटा, २.३ मिमी जाड, १६० सेंमी लांब. आणि एकदा वापरून टाकायची इंजेक्शन नीडल, म्हणजे लांब ट्यूबच्या टोकातून बाहेर-आत होणारी, आत औषध टोचायची सुई.

आमच्या स्कोपचा चॅनल, म्हणजे या वस्तू आत सोडायची पोकळ वाट, २.८ मिमीचा. पुरवठादाराने आधी जाड फोर्सेप्स पाठवला, त्याला ३.२ मिमीचा चॅनल लागतो. "थोडा दाबला की जाते," असं त्याचं म्हणणं. मी त्याच दिवशी परत केला. चॅनलमध्ये काहीही दाबून घालायचं नसतं. जबडा मिटलेला, स्कोपचं टोक सरळ, टोक वळवायच्या नॉबचं लॉक सोडलेलं, आणि रबरी वॉल्व्हजवळ धरून दोन-तीन सेंमी, दोन-तीन सेंमी असं पुढे सरकवायचं. अडलं की थांबायचं, टोकाचा बाक कमी करायचा, मग पुन्हा बघायचं. लांब धरून ढकललं की तार वॉल्व्हपाशीच मोडते आणि ती घडी नंतर निघत नाही.

आताचा फोर्सेप्स चावा चांगला घेतो. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारे, घास अडकतो म्हणून येणारे पेशंट आमच्याकडे पुष्कळ. अन्ननलिकेत गाठ दिसली की सहा-आठ तुकडे घ्यावे लागतात. शेवटच्या तुकड्यापर्यंत जबडा नीट मिटतो. तुकडा मी बोथट सुईने फिल्टर पेपरवर काढते. जबडाच तुकडा टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये हलवून तसाच पुन्हा पोटात घालणं मला पटत नाही.

तक्रार बिजागरीची. तिसऱ्या महिन्यात जबडा कुरकुरायला लागला. दोष फोर्सेप्सचा कमी, आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याचा जास्त. आता शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करतो आणि सर्जिकल ऑइलचा थेंब देतो, तेव्हापासून ठीक आहे. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकलेलं रक्त ब्रशने निघत नाही, त्यासाठी एन्झाइमच्या पाण्यात लगेच बुडवून अल्ट्रासोनिक मशीन लागतंच. आणि नंतर वाफेचा ऑटोक्लेव्ह, १३४ अंशाला. पूर्वी आम्ही फोर्सेप्स स्कोपसोबतच ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये २० मिनिटं ठेवून मोकळे व्हायचो. ते चूक होतं. स्कोप आतल्या अस्तराला नुसता लागतो, फोर्सेप्स ते फाडतो. त्याला निर्जंतुकच करावं लागतं.

आता नीडल. हिच्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण जुन्या नीडलने आमचा स्कोप घालवला होता. काटकसर म्हणून ती धुऊन दोन-तीनदा वापरलेली. अल्सरमधून रक्त येणारा पेशंट टेबलावर, नीडलमध्ये रक्त थांबवायचं अ‍ॅड्रिनलिन भरलेलं. स्कोप धरलेल्या डॉक्टर सरांनी विचारलं, "सुई आत?" म्हणजे ट्यूबच्या आत ओढलेली ना. मी हँडल ओढलं होतं, म्हणून "हो सर" म्हटलं. टोकाकडे बघितलं नाही. ट्यूबला बाक आलेला होता. हँडल मागे आलं, सुई मागे आलीच नव्हती. रक्त थांबलं, पेशंट वाचला. पण संध्याकाळी स्कोप पाण्यात बुडवून लीक टेस्ट केली तेव्हा चॅनलमधून बुडबुड्यांची माळ वर आली; बाहेर राहिलेल्या सुईने चॅनलला भोक पडलं होतं. स्कोप पाच आठवडे दुरुस्तीला. दुसऱ्या दिवशी बायोप्सीला आलेले एक आजोबा बाकावर बसून विचारत होते, "मंग आता मी कुठं जाऊ जी?" त्यांना नागपूरची चिठ्ठी देताना माझा हात थरथरत होता.

नव्या नीडलची ट्यूब पारदर्शक आहे, सुई मागे गेलेली डोळ्यांना दिसते. हँडलचं लॉक टक् वाजतं. ट्यूब वेटोळं केलेली असताना आणि सरळ असताना सुई सारखीच बाहेर येत नाही, म्हणून मी दोन्ही प्रकारे उघडझाप करून बघते. एकेका पेशंटला एक नीडल म्हणजे खर्च वाढतो, ट्रस्टच्या बैठकीत त्यावर बोलणं झालं. मी दुरुस्तीचं बिल समोर ठेवलं.

दोन्ही वस्तू पुन्हा घेऊ. आता सर "सुई आत?" विचारतात तेव्हा मी टोक पांढऱ्या गॉजवर धरते, बघते, आणि मगच "आत" म्हणते.