सीएमएस घ्यावी की स्टॅटिक साइट करावी?

सीएमएसवर, म्हणजे ब्राउझरमधूनच मजकूर टाकायची-बदलायची सोय देणाऱ्या प्रणालीवर, साइट उभी करायला एखादी दुपार पुरते. त्रास सुरू होतो तो नंतर. त्यामुळे साइट किती लवकर तयार होईल यापेक्षा पुढची तीन वर्षं ती कोण सांभाळणार, हे आधी ठरवा.

वर्डप्रेस, जूमला, द्रुपल या तिन्ही सीएमएसमध्ये कुणी पान उघडलं की सर्व्हरवर पीएचपी भाषेतला प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर मागवला जातो, मग पानाचं एचटीएमएल तयार होतं. ह्यूगो किंवा जेकिल या स्टॅटिक साइट बनवणाऱ्या साधनांत हे काम प्रकाशित करतानाच उरकतं. सर्व्हरवर नुसत्या फायली राहतात. पेज कॅशे (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) लावून सीएमएस हा फरक बराच भरून काढते, पण सदस्यांचं लॉगिन किंवा कार्ट आली की त्या पानांना कॅशे चालत नाही.

सुरक्षेत मात्र बरोबरी नाही. स्टॅटिक साइटला फोडायला लॉगिन पान नाही, डेटाबेसही नाही. द्रुपल ७ मधल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (बाहेरच्या माणसाला डेटाबेसला हुकूम देता येण्याच्या) दोषावर १५ ऑक्टोबर २०१४ ला पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला. सात तासांत तो न लावलेली साइट हॅक झाली असंच धरा, असं खुद्द द्रुपलच्या सुरक्षा टीमनं सांगितलं. वर्डप्रेसमध्ये बहुतेक भोकं प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सुविधांमध्ये, असतात. प्लगइन नुसतं डीॲक्टिव्हेट करून भागत नाही, फायली सर्व्हरवर तशाच राहतात. नको असेल तर डिलीट करा. अपडेट आधी स्टेजिंग प्रतीवर (साइटच्या चाचणीसाठीच्या नकलेवर) चालवा, आणि बॅकअप फायली व डेटाबेस दोन्हींचा घ्या. होस्टनं पीएचपीची आवृत्ती बदलली आणि पान पांढरं पडलं, तर एफटीपीनं (सर्व्हरवरच्या फायलींपर्यंत थेट जाऊन) प्लगइन फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन बंद होतात आणि दोषी शोधता येतं.

सर्वांत महाग पडतं ते सीएमएसमधून किंवा तिच्या एखाद्या भागातून बाहेर पडणं. शॉर्टकोडवर (चौकटी कंसांत लिहिलेल्या खुणांवर) चालणारा पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी करून देणारं प्लगइन, काढला की लेखांत चौकटी कंसांचा कचरा उरतो. डोमेन बदलताना तर डेटाबेसमध्ये थेट शोधून-बदलून चालतच नाही: वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज सिरियलाइझ करून (एकाच सलग ओळीत गुंफून) ठेवते आणि त्यात प्रत्येक मजकुराची लांबीही लिहिलेली असते. नवा पत्ता दोन अक्षरांनी मोठा असला तरी आकडा जुळत नाही आणि विजेट गायब होतात. तिथे डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस कमांडच वापरा.

स्टॅटिकची दुखणी वेगळी. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) आणि गिट (फायलींतले बदल नोंदवायचं साधन) न येणाऱ्या माणसाला एक स्वल्पविराम बदलायलाही डेव्हलपर गाठावा लागतो. फॉर्म आणि प्रतिक्रियांसाठी बाहेरची सेवा जोडावी लागते.

महिन्यातून एखादा बदल होणारी दहा-वीस पानं असतील तर सीएमएस घेऊच नका. रोज तीन-चार जण मजकूर टाकणार, कच्चा मसुदा एकाचा आणि मंजुरी दुसऱ्याची असेल तर घ्या, पण पेज बिल्डरशिवाय. मधला मार्गही आहे: वर्डप्रेस पासवर्डमागे ठेवायची आणि बाहेर तिची स्टॅटिक प्रतच द्यायची. मात्र त्या प्रतीत वर्डप्रेसचा शोध आणि संपर्क फॉर्म चालत नाहीत, त्यांची सोय आधीच करून ठेवा.