नोड-रेडमधली फ्लोची मांडणी: काही महिने रोज वापरल्यावर

नाशिकच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसर आणि वीजमीटरची माहिती गोळा करायला नोड-रेड आहे. पडद्यावर छोटे ठोकळे, म्हणजे नोड, वायरींनी जोडून काम उभं करायचं हे साधन; अशा जोडणीला फ्लो म्हणतात. मॉडबसवरून (यंत्रांशी बोलायची औद्योगिक पद्धत) रीडिंग येतं, एमक्यूटीटीवर (संदेश पाठवायची हलकी पद्धत) जातं, मर्यादा ओलांडली की फोनवर संदेश. २०१३ मध्ये आयबीएममध्ये निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आता चांगला मुरलाय, त्यामुळे तो चालतो का हा प्रश्नच नाही. मध्यरात्री अलार्म आला की रात्रपाळीच्या माणसाला फ्लो उघडून कळतो का, हा खरा प्रश्न. म्हणून हा अनुभव फक्त मांडणीचा.

सगळ्यात जास्त उपयोग ग्रुपचा झाला. नोड निवडायचे, कंट्रोल-शिफ्ट-जी दाबायचं, चौकटीला नाव आणि रंग द्यायचा. आमच्याकडे एका टॅबवर (एडिटरच्या एका पानावर) एकच यंत्र आणि त्यात तीन चौकटी: वाचन, तपासणी, इशारा. डावीकडून उजवीकडे, याच क्रमाने. एरर पकडणारे कॅच नोड नेहमी खालच्या ओळीत. मीटरचा स्लेव्ह आयडी (मॉडबसवरचा त्याचा क्रमांक), रजिस्टरचा (रीडिंग असलेल्या कप्प्याचा) पत्ता, मीटर कुठल्या पॅनेलमध्ये आहे, हे सगळं ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवतो. शोधाशोध तिथेच संपते.

३.० आवृत्तीपासून आलेले जंक्शन हे दुसरं मोठं सुख. आमच्या मुख्य पॅनेलच्या टॅबवर बऱ्याच मीटरच्या वायरी एकाच एमक्यूटीटी नोडकडे जातात आणि वाटेत दुसऱ्या नोडांवरून आडव्या-तिडव्या पसरतात. शिफ्ट धरून उजव्या बटणाने त्या वायरींवरून रेघ ओढली की तिथे एक ठिपका तयार होतो आणि सगळ्या वायरी त्यातून एकत्र निघतात. संदेशात काहीही बदलत नाही, फक्त वाट बदलते. शिफ्टऐवजी कंट्रोल धरून तशीच रेघ ओढली तर वायरी कापल्या जातात, तेवढं लक्षात ठेवा.

लिंक नोडबद्दल, म्हणजे दोन ठिकाणं न दिसणाऱ्या वायरीने जोडणाऱ्या नोडबद्दल, मात्र माझं मत कडक आहे. एका टॅबवरून दुसऱ्यावर जायला ते हवेतच. पण एकाच टॅबवर, वायर लांब दिसते म्हणून लिंक टाकू नये. नोड निवडेपर्यंत ती वायर दिसतच नाही, आणि नवख्या माणसाला वाटतं फ्लो इथेच संपला. लिंक कॉलची गोष्ट वेगळी: तो काम करून उत्तर घेऊन परत येतो. युनिट बदलण्याचं सामायिक काम आम्ही त्याच्याकडेच दिलंय. सबफ्लो, म्हणजे एका नोडसारखा पुन्हा पुन्हा वापरता येणारा फ्लो, मी कमी वापरतो. अनेक ठिकाणी टाकला की संदेश नेमका कुठल्या प्रतीत अडकला हे शोधायला वेळ जातो.

ओळी सरळ करायला अरेंज मेनू पुरतो. फ्लो तपासणारं एनआरलिंट मात्र जरूर बसवा. एकमेकांवर चढलेले नोड, ग्रिडबाहेर गेलेले नोड आणि नाव न दिलेले फंक्शन (आपला कोड लिहायचे नोड) ते दाखवून देतं.

गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक नोडची जागा एक्स-वाय आकड्यांत फ्लोच्या फाइलमध्येच साठवली जाते. नोड जरासा सरकवला तरी फाइल बदलते, आणि लॉजिकमधला खरा बदल त्या गर्दीत हरवतो. म्हणून आवराआवरीचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा आणि लॉजिकचा वेगळा, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. डिप्लॉय करताना, म्हणजे बदल लागू करताना, 'मॉडिफाइड नोड्स' निवडलं की नुसता जागेवरून हलवलेला नोड पुन्हा सुरू होत नाही, त्यामुळे चालू शिफ्टमध्येही मांडणी बिनधास्त सुधारता येते.

उणीव एकच जाणवते. नोड आपोआप मांडून देणारी सोय मूळ एडिटरमध्ये नाही. अख्ख्या टॅबवर ती मला नकोच, कारण आमच्या चौकटींचा क्रम यंत्राच्या क्रमाशी जुळवलेला आहे. पण एका ग्रुपपुरती जरी मिळाली तरी माझा रोजचा बराच वेळ वाचेल.