पुण्याचे ३४ हजार की नागपूरचे साडेपंचवीस? गावातून निघण्याआधीचा हिशोब

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, आणि घरात सध्या एकच विषय चालू आहे. लहान भावाला एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या, एक पुण्याची, हिंजवडीतली, ४ लाख ८० हजारांची आणि दुसरी नागपूरची, मिहानमधली (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग), ३ लाख ६० हजारांची. बाबा ऐकल्याबरोबर म्हणाले, "वर्षाचे सव्वा लाख जास्त भेटून राह्यले त इचार काय करतं, जाय पुण्याले." मी स्वतः पाच वर्षं पुण्यात काढली आणि तीन वर्षांपासून नागपुरात आहे, दोन्हीकडचा खर्च मला पाठ आहे, म्हणून रविवारी वही घेऊन बसलो आम्ही दोघं. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न असतो म्हणून इथं सगळं लिहून ठेवते.

आधी ते ४ लाख ८० हजार बाजूला ठेवा. तो आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, त्यात कंपनी भरते तो पीएफ आणि ग्रॅच्युइटी पण मोजलेली असते, मग आपल्या पगारातून आपला पीएफ वेगळा कापतात. असं करत पुण्याचे महिन्याला हातात पडतात ३४ हजार आणि नागपूरचे साडेपंचवीस. प्रोफेशनल टॅक्स दोन्हीकडे सारखाच, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५०० (मुलींना महिना २५ हजारांपर्यंत तो लागत नाही, स्लिपमध्ये कापलेला दिसला तर एचआरला विचारा). इन्कम टॅक्सचा तर एवढ्या पगारात प्रश्नच नाही, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स बसत नाही. तर खरा फरक साडेआठ हजारांचा, आणि आता तो कुठं कुठं जातो ते बघा.

पहिला घास भाड्याचा. वाकडला तिघांत मिळून टू बीएचके पाहिला तर मेंटेनन्स धरून माणशी साडेआठ हजार पडतात, याहून स्वस्त पाहिजे असेल तर पुण्यात कॉट बेसिस म्हणून प्रकार आहे, म्हणजे खोली नाही, खोलीतली एक कॉट आपली. मी पहिलं वर्ष तशीच राहिले, झोपायला चालतं पण आजारी पडलं की फार वाईट वाटतं, स्वतःचं दार लावून पडता येत नाही. नागपुरात मनीषनगर-बेसा बाजूला दोघांत वन बीएचके घेतला तर साडेचार हजारांत काम होतं, आणि तिथून मिहान जवळ. आणि पुण्यात नुसतं भाडं नाही, शिरतानाच दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधीच घरून माणशी २५ हजार न्यायचे. सोयाबीन विकायच्या आधी जॉइनिंग असेल तर हे पैसे कुठून आणायचे ते घरात आधीच बोलून घ्या.

डिपॉझिटवरून एक गोष्ट सांगतेच. पुण्यातल्या माझ्या दुसऱ्या घरमालकानं सोडताना पेंटिंगचे म्हणून ९ हजार कापून घेतले आणि मला काहीच करता आलं नाही, कारण करार नुसता स्टॅम्पपेपरवर होता, नोंदणी केलेलीच नव्हती. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं मालकाची जबाबदारी आहे, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. नोंदणी फी शहरात १००० रुपये आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, तिघांत वाटली तर काहीच नाही. म्हणून शहर कोणतंही असो, नोंदणी केलेला करार हातात आल्याशिवाय सामान हलवू नका.

जेवणाचं. पुण्यात दोन वेळची मेस ४ हजार धरा, वरून सकाळचा नाश्ता आणि ऑफिसचा चहा २ हजार. नागपुरात आम्ही दोघी मैत्रिणी घरीच करतो, तूर आमच्याच शेतातली, दारव्ह्याहून डाळ करून आणते, गहू-ज्वारी पण घरचीच, त्यामुळे भाजी-दूध-गॅस धरून माणशी ३ हजारांत महिना निघतो आणि बाहेरचं चहा-पोहे १२००. पुण्यात पण मी डाळ न्यायचे पण ट्रॅव्हल्समध्ये किती ओझं नेणार, आणि हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोचल्यावर वरण लावायची ताकद कोणात असते? सिलिंडर नागपुरात थोडं महाग आहे पुण्यापेक्षा, पण घरच्या धान्यापुढे तो फरक दिसत नाही.

लाईटचा रेट दोन्हीकडे महावितरणचाच, तोच. फरक पडतो तो उन्हाळ्यात. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ च्या वर पारा जातो, कुलर दिवसरात्र चालतो, १०० युनिट ओलांडले की पुढचा रेट एकदम वर जातो, म्हणून दोन-तीन महिने माणशी पाचशे-सहाशे जास्त धरा आणि कुलरच्या ताट्या दरवर्षी बदलायच्या ते वेगळं. पुण्यात पंख्यावर भागतं. पण पुण्याच्या बाहेरच्या बाजूच्या सोसायट्यांत टँकरचं पाणी असतं, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, घर पाहताना एवढं नक्की विचारा.

ऑफिसला जायचं-यायचं दोन्हीकडे सारखंच बसतं. पुण्यात पीएमपीचा, म्हणजे सिटी बसचा, महिन्याचा पास जून २०२५ पासून १५०० झाला, नागपुरात गाडीचं पेट्रोल तेवढंच होतं, खापरीपर्यंत मेट्रो पण आहे. वेळ मात्र हिंजवडीत फार जातो.

आता जो खर्च कोणीच वहीत लिहीत नाही तो, गावाला यायचा. नागपूरहून शुक्रवारी संध्याकाळी गणेशपेठवरून एसटी धरली की यवतमाळ आणि तिथून दारव्हा, झोपायला घरी. माझं तर हाफ तिकीट आहे, भावाला पूर्ण लागेल तरी महिन्यातून दोनदा आला तर १२०० च्या आसपास. पुण्याहून रेल्वे यवतमाळला येतच नाही, बडनेरा नाहीतर धामणगावला उतरून पुढं बस पाहायची. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत आहे, १२ तासांत येते, बडनेऱ्याला थांबते, पण तिकीट महाग आणि सुट्टीच्या दिवसात भेटत नाही. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीचं त्याच दिवशी करावं लागतं. ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा शासनाचा नियम आहे, दिवाळीत तरी रेट विचारून बघा, मी चार दिवाळ्या दुपटीनं दिले. आणि नेमकं तेव्हाच शेतात सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, घरी माणूस पाहिजे असतं. वर्षात पाच चकरा धरल्या तरी महिन्याला सव्वातेराशे पडतात.

वहीत बेरीज अशी आली. पुणं: भाडं ८५००, मेस ४०००, नाश्ता-चहा २०००, पास १५००, लाईट-नेट-गॅस १२००, गावाच्या चकरा १३००, एकूण साडेअठरा हजार, उरतात साडेपंधरा. नागपूर: ४५००, ३०००, १२००, पेट्रोल १५००, लाईट-नेट ८००, चकरा १२००, एकूण १२२००, उरतात १३३००. साडेआठ हजारांचा फरक शेवटी २२०० वर आला! बाबा दोनदा बेरीज करून पाहत होते.

पांढरकवडा, वणीकडच्यांनी हैदराबादचा पण विचार करावा, ४४ नंबरच्या हायवेनं ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ पडतं आणि चंद्रपूर-बल्लारशावरून सिकंदराबादची वंदे भारत आहे. भाषेचा त्रास पहिले सहा महिने होतो एवढं खरं.

मग २२०० साठी पुण्याला जायचं काहून? माझं मत सांगते. काम सपोर्टचं असेल, म्हणजे बनलेल्या सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवायचं, आणि दोन्हीकडे सारखंच असेल, तर नागपूर घ्या, आई-बाबांच्या जवळ राहा. पण भावाला पुण्यात डेव्हलपमेंटचं, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायचं काम देऊन राहिले, नागपुरात सपोर्टचं. दोन वर्षांनी कंपनी बदलायची म्हटली तर हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात शंभर दारं आहेत, मिहानमध्ये मोजकीच. म्हणून तो पुण्याला चालला, आणि मीच जा म्हटलं. पहिले पंधरा दिवस मावसभावाकडे राहील, खोली स्वतः जाऊन पाहील, टँकरचं विचारील आणि नोंदणीचा करार झाल्यावरच डिपॉझिट देईल, एवढं त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं आहे.