मळमळ कशाने थांबवायची? किडनीचा जुना आजार असलेल्या मांजरासाठी औषधांची तुलना

मांजराच्या किडनीचा आजार रिपोर्टमध्ये दिसतो, पण त्याच्याशी खरी झुंज चालते ती जेवणाच्या वाटीपाशी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) 2.9 च्या वर गेलं की आजार तिसऱ्या टप्प्यात गेला असं डॉक्टर सांगतात आणि त्या सुमारास बहुतेक घरांत एकच तक्रार सुरू होते: खात नाही. मग इंदूरचं रामबाग असो की लोकमान्य नगर, मांजर पाळणाऱ्या माणसाला चारी बाजूंनी सल्ले मिळतात. कोणी पॅन द्या म्हणतं, कोणी एमेसेट, कोणी भूक लागायची गोळी, कोणी सलाईन. यातलं प्रत्येक औषध वेगळ्या ठिकाणी काम करतं. म्हणून आधी कुठलं, नंतर कुठलं आणि कुठलं नकोच, हे ठरवणाऱ्यासाठी ही तुलना. डोस शेवटी तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा; इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत.

आधी नीट बघा: उलटी की मळमळ?

सगळी निवड या प्रश्नावर अवलंबून आहे. उलटी दिसते, फरशी पुसावी लागते. मळमळ दिसत नाही. आमची ठमी पंधरा वर्षांची आहे. वाटीचा आवाज झाला की ती अजूनही लगबगीने येते. मान खाली घालते, नाक हलतं, जीभ ओठांवरून झर्रकन फिरते, दोनदा आवंढा गिळते आणि मग वाटीशेजारची फरशी पुढच्या पंजाने खरवडायला लागते, जणू अन्न मातीखाली पुरायचं आहे. तोंड फिरवून निघून जाते. घरातले म्हणतात, ‘नखरे करतेय’. हे नखरे नाहीत. भूक आहे म्हणून ती येते आणि वास घेताच मळमळतं म्हणून जाते. लाळ गळणं, दात खाणं, अंग आखडून पाय पोटाशी घेऊन बसणं, हीही त्याचीच लक्षणं.

तुमचं मांजर यापैकी काय करतं ते चार दिवस वहीत लिहा. आठवड्यात दोन-चार उलट्या होतात पण एरवी बरं खातं, की उलटी एकही नाही पण वाटीला तोंड लावत नाही? या दोघांना एकच औषध सारखं लागू पडेलच असं नाही.

मॅरोपिटंट: उलटीवरचं सर्वांत भक्कम औषध

परदेशात सेरेनिया या नावाने ओळखलं जाणारं हे औषध खास प्राण्यांसाठी बनवलेलं आहे. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापाशी ‘सबस्टन्स पी’ या रसायनाची वाट अडवतं. त्यामुळे उलटीचा इशारा रक्तातून आलेला असो की पोटातून, तो तिथेच थांबतो. दिवसातून एकदा, साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम. ज्या मांजराला गोळी भरवणं म्हणजे घरात रणधुमाळी, त्याच्यासाठी हे ‘दिवसातून एकदा’ फार मोलाचं आहे.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. किडनीच्या मांजरांत ते उलट्या कमी करतं, पण त्यामुळे भूक परत येईल किंवा वजन वाढेल असा भरवसा देता येत नाही. म्हणजे ओकणारं मांजर सावरेल. वाटीपासून तोंड फिरवणारं मांजर कदाचित तसंच राहील. इंजेक्शन टोचताना झोंबतं. बाटली फ्रीजमध्ये ठेवून गारच टोचलं तर झोंबणं बरंच कमी होतं, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. औषधाचा निचरा लिव्हरमधून होतो. किडनीच्या मांजराला ते सोयीचं, पण लिव्हरही बिघडलं असेल तर डोसचा फेरविचार हवा. माणसांच्या केमिस्टकडे हे मिळत नाही, व्हेटकडून किंवा प्राण्यांच्या औषधांच्या दुकानातूनच घ्यावं लागतं आणि इथल्या तीन मुख्य औषधांत खर्चीक हेच.

ओंडान्सेट्रॉन: स्वस्त, सहज मिळणारं, पण घड्याळाला बांधून घेणारं

हे माणसांचं औषध, एमेसेट म्हणतात ते हेच. केमोथेरपीच्या रुग्णांना देतात तेच. दवाबाजारातच (इंदूरच्या औषधांच्या बाजारातच) काय, गल्लीतल्या मेडिकलवरही मिळतं, पण चिठ्ठीवरचं औषध आहे, चिठ्ठी घेऊनच जा. ते सिरोटोनिन या रसायनाची 5-एचटी3 नावाची वाट अडवतं आणि मळमळीवर मॅरोपिटंटपेक्षा अधिक उपयोगी पडतं असा पुष्कळ डॉक्टरांचा अनुभव आहे.

अडचण अशी की मांजराच्या शरीरात ते फार थोडा वेळ टिकतं. तोंडाने दिलेल्या गोळीतला जेमतेम एक तृतीयांश भाग रक्तापर्यंत पोचतो आणि तोही लवकर निघून जातो. त्यामुळे दर 8 ते 12 तासांनी द्यावं लागतं. चार किलोच्या मांजराला बहुधा 4 मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी सांगतात. दिवसभर घरी कोणी नसेल तर हे वेळापत्रक सांभाळणं अवघड जातं.

गोळी कडू आहे. तुकडा जिभेवर फुटला की मांजर तोंडाला फेस आणतं आणि बघणाऱ्याला वाटतं मळमळ वाढली. तो फेस कडू चवीमुळे येतो, काही मिनिटांत ओसरतो. तुकडा रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून द्या आणि नंतर सिरिंजने थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे जखम होऊ शकते. हा नियम सगळ्याच गोळ्यांना लागू आहे. दुसरी गोष्ट, ओंडान्सेट्रॉनने शौचाला घट्ट होतं. ज्या मांजराला आधीच शौचाचा खडा होतो त्याला हे देताना पोटाकडे दुप्पट लक्ष हवं.

मिर्टाझापिन: वाटीपासून परत फिरणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती

हे माणसांतलं नैराश्यावरचं औषध, मांजरात भूक जागवायला वापरतात. तेही 5-एचटी3 ची वाट अडवतं, त्यामुळे मळमळही उतरते आणि भूकही लागते. एका गोळीत दोन कामं होतात आणि किडनीच्या मांजराला ती एक दिवसाआड पुरते. वर्षानुवर्षं औषध भरवायचं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

7.5 मिलिग्रॅमच्या गोळीची पाव म्हणजे साधारण 1.9 मिलिग्रॅम, एवढाच डोस किडनीच्या मांजरासाठी नेहमीचा. 15 ची गोळी आणून तिचे आठ तुकडे करायच्या भानगडीत पडू नका. एक तुकडा दुप्पट होतो, दुसऱ्याचा भुगा. 7.5 ची गोळी प्रत्येक दुकानात नसते, दवाबाजारात विचारा. आणि पिल कटर घ्याच, सुरीने पाव भाग नीट होत नाही.

डोस जास्त झाला तर लगेच कळतं: मांजर रात्रभर ओरडत फिरतं, अस्वस्थ होतं, पायात पायात घुटमळतं. असं झालं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, बहुधा डोस कमी करून भागतं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते आधीच सांगा, दोन्ही मिळून सिरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. परदेशात हेच औषध कानाच्या आतल्या कातडीला लावायच्या मलमातही मिळतं. अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली.

एकत्र देण्याबद्दल: मॅरोपिटंटची वाट वेगळी असल्याने ते बाकी दोघांपैकी कशाहीबरोबर जोडता येतं. ओंडान्सेट्रॉन आणि मिर्टाझापिन मात्र एकाच दारावर पहारा देतात, त्यामुळे दोन्ही देऊन फायदा थोडाच. मी निवडायला बसले तर ओकणाऱ्या मांजराला मॅरोपिटंट, न खाणाऱ्याला मिर्टाझापिन, दोन्ही तक्रारी असतील तर ही दोन मिळून आणि ओंडान्सेट्रॉन वाईट दिवसांसाठी हाताशी. पैशांची ओढाताण असेल तर मिर्टाझापिनपासून सुरुवात करायला हरकत नाही.

पॅन, फॅमोटिडिन, पेरिनॉर्म

आपल्याकडे पोटाचं काहीही झालं की अॅसिडिटीची गोळी. माणसांत किडनीच्या आजारात पोटात अल्सर होतात म्हणून मांजरालाही तेच, असा समज बरीच वर्षं चालला. पण किडनीच्या मांजरांची पोटं तपासली तेव्हा अल्सर जवळजवळ आढळलेच नाहीत. म्हणून प्रत्येक किडनीच्या मांजराला रोज पॅन्टोप्राझोल (म्हणजेच पॅन) किंवा फॅमोटिडिन द्यायला आता आधार उरलेला नाही. उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही किंवा डांबरासारखी शी दिसली तर गोष्ट वेगळी. तेव्हा ही औषधं हवीतच. पॅन-डी मधल्या ‘डी’ मुळे त्यात आणखी एक औषध येतं, ते स्वतःच्या मनाने देऊ नका.

मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, मांजरात उलटीवर दुबळं पडतं.

आणि तापावरची पॅरासिटामॉल कधीही नाही, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

औषधाआधी पाणी, शौच आणि पोटॅशियम

वरची तिन्ही औषधं देऊनही मांजर खात नसेल तर मी या तीन गोष्टींकडे वळते. खरं तर सुरुवातच इथून व्हायला हवी.

किडनी पाणी धरून ठेवत नाही, मांजर आतून कोरडं पडतं आणि मळमळ वाढते. इंदूरचा मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, अशा दिवसांत हे झपाट्याने होतं. यावर दोन पर्याय: दवाखान्यात शिरेतून सलाईन किंवा घरी कातडीखाली रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन). मांजर अगदी गळून गेलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस दवाखानाच. एरवी घरचं बरं. टोपलीतून गाडी, गाडीतून दवाखाना, तिथे कुत्र्यांचं भुंकणं, या धसक्याने मांजर आणखी एक दिवस उपाशी राहतं. घरी साधारण 75 ते 150 मिलिलिटर, रोज किंवा दिवसाआड. बाटली कोमट पाण्यात ठेवून शरीराइतकी उबदार करा, खांद्यामागची कातडी तंबूसारखी उचला, सुई टोचा. पाण्याची पिशवी पुढच्या पायाकडे लोंबते, ती काही तासांत जिरते. डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली कधीच नाही. हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थेंबही नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या घट्ट डब्यात साठवा आणि कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. सफाई करणाऱ्याच्या हाताला आपली सुई लागता कामा नये.

शौचाचा खडा झालेलं मांजर कुंथता कुंथता ओकतं आणि आपण उलटीचं औषध देत बसतो. शौच सैल करणाऱ्या लॅक्टुलोज आणि पीईजी 3350 या दोघांत मी पीईजी निवडेन. लॅक्टुलोजचं चिकट सरबत भरवताना मांजर वैतागतं. पीईजीची पूड बेचव, पाव चमच्याहून कमी, ओल्या जेवणात विरघळून जाते. फक्त कोलोनोस्कोपीच्या तयारीची क्षार घातलेली पाकिटं आणू नका. आणि मेडिकलवर मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही देऊ नये, त्याने काही तासांत मृत्यू येऊ शकतो. मांजराला पाणी कमी पडत असेल तर पीईजीही काम करत नाही, म्हणून आधी सलाईनचं बघा.

पोटॅशियम उतरलं की अशक्तपणा येतो, भूक जाते, मान खाली झुकते. रिंगर लॅक्टेटमध्ये ते लिटरला जेमतेम 4 मिलिइक्विव्हॅलंट असतं, तेवढ्याने भागत नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिनसोबत पोटॅशियम आणि फॉस्फरस मागून घ्या.

वाटीत काय?

पोट बिघडलं की दही-भात, हा आपला घरोघरचा उपाय मांजराला लागू नाही. दुधाने मोठ्या मांजराला बऱ्याचदा जुलाब होतात. चिकनचं पाणी द्यायचं तर कांदा-लसूण-मीठ न घालता उकळलेलं. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात आणि किडनीच्या मांजरात रक्त आधीच कमी असतं.

किडनीचं खास खाणं आयुष्य वाढवतं, यात शंका नाही. पण मळमळ चालू असताना ते सुरू करू नका. ज्या वासासोबत मळमळलं तो वास मांजर कायमचा नाकारतं आणि सगळ्यात उपयोगाचं खाणं हातचं जातं. आधी मळमळ आवरा, तोवर जे खाईल ते खाऊ द्या, मग हळूहळू मिसळा. जेवण किंचित कोमट आणि थोडं-थोडं.

सिरिंजने भरवणं की ट्यूब?

मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, लठ्ठ मांजरात अधिकच. सिरिंजने जबरदस्तीने भरवणं बहुतेकांना सोपं वाटतं आणि मानेतून अन्ननलिकेत ट्यूब म्हटलं की पोटात गोळा येतो. माझं मत उलट आहे. रोज चार वेळा धरून, जबडा उघडून कोंबलेल्या घासाने मांजर जेवणाला आणि आपल्याला दोघांनाही घाबरायला लागतं, आणि पुरेसं अन्न जातही नाही. ट्यूबमधून अन्न, पाणी आणि सगळी कडू औषधं शांतपणे जातात, आणि ट्यूब असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं. थोडा वेळ भूल द्यावी लागते, म्हणून मांजर पार खंगायच्या आधी निर्णय घ्यावा लागतो.

इंदुरात आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ही ट्यूब कोण घालतं, खर्च किती, भूल देण्याआधी कुठल्या तपासण्या लागतात, हे पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहून ठेवा.